तीस अंडी

नाझनीन पिंजारी पहिल्या दिवशी उशिरा आली,
ओढणीच्या टोकाला वाळलेली चिकट रेघ.
शालिमारच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर आमचा क्लास,
नऊ मशीन, त्यातली दोन नावापुरती.
मी फळ्यावर चौकटी आखत होतो,
पाच आडव्या ओळी, सहा उभ्या,
आणि म्हणत होतो, द्विमितीय ॲरे म्हणजे असं समजा की
"ट्रे," ती दारातूनच म्हणाली.
"अंड्यांचा ट्रे, सर. पाच सक तीस."

बारा वर्षं जपलेली माझी उदाहरणं,
थिएटरातल्या खुर्च्या, वर्गातले बाक,
डस्टरच्या एका फटक्यात गेली.

"आधी आय की आधी जे?"
गांगुर्डे दर बॅचला असतो, तो विचारतोच.
मी तोंड उघडायच्या आत ती मागे वळली:
"आधी गल्ली, मग घर.
पोस्टमन काय आधी घर शोधतो?"

शून्याचं मात्र तिला पटेना.
ओळी पाच, आणि शेवटचीचा नंबर चार?
घरी वडिलांना विचारलं तिनं.
भद्रकालीत एकोणीस वर्षं ठोक अंडी मोजणारा माणूस म्हणाला,
"मग पाचवी ओळ तुझ्या सरांनी
आम्लेट करून खाल्ली का?"
हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं,
अजिबात न हसता,
उत्तर हवं असल्यासारखं.

लूपच्या आत लूप तिला शिकवावा लागला नाही.
अब्बा डावा अंगठा ओळीवर ठेवतात,
उजव्या हाताची बोटं सहा खळगे चालून येतात,
मग अंगठा एक ओळ खाली सरकतो.
अंगठा आय. बोटं जे.
चांगलं अंडं एक, फुटकं शून्य.

मंगळवारी तिच्याकडून एक बरोबरचं चिन्ह जास्त पडलं
आणि जे सहाच्या आधी थांबायचा, तो सहावर गेला.
मशीन काही बोललं नाही.
एरर नाही, लाल अक्षर नाही.
स्क्रीनवर फक्त आलं,
चांगली अंडी: बत्तीस हजार आठशे दोन.

गांगुर्डे हसून लोळला.
ती नाही.
तिनं एकेक खळगा छापून पाहिला.
"सर, पहिल्या ओळीत सातवा खळगाच नाही.
मग त्यात अंडं कुठून आलं?"

पहिल्या महिन्यात मी हे कुणाला सांगत नाही.
तिला सांगितलं.
की मेमरीत ओळी नसतात,
मेमरीत उभं-आडवं काही नसतं,
एकच लांबलचक रांग असते, खणाला खण लागून.
पहिल्या ओळीचा सातवा म्हणजे दुसरीचा पहिला.
आणि शेवटच्या ओळीचा सातवा
कुणाचा, ते मलाही माहीत नाही.
तिथे आधी कोण काय ठेवून गेलं असेल,
सी भाषा विचारत नाही, अडवत नाही.

खाली रिक्षावाल्यांचं काहीतरी जुंपलं होतं.
बराच वेळ तिनं की-बोर्डवरून हात काढले नाहीत.
"म्हणजे ट्रे नाहीच?"
"आपण रांगेला घडी घालतो ना,
तेवढा आहे."
तिनं बरोबरचं चिन्ह खोडलं.
सव्वीस. फुटकी चार.

शनिवारी मी मुद्दाम तिच्या दुकानावरून गेलो.
ट्रेवर ट्रे, छातीपर्यंत.
नीट पाहिलं तेव्हा कळलं,
प्रत्येक ट्रे खालच्यावर आडवा फिरवून ठेवलेला.
"सरळ ठेवला तर आत बसतो,
खालची फुटतात," वडील म्हणाले.
म्हणजे एकाआड एक
आय आणि जे ची अदलाबदल,
आणि ते मी या माणसाला कोणत्या तोंडानं शिकवणार होतो?

नाझनीन गल्ल्यावर बसली होती.
तिनं थप्पीकडे खालून वर बोट नेलं
आणि एवढंच म्हणाली, "सर, के."

मी अर्धा डझन घेतली.
वर्तमानपत्राच्या पिशवीत सहा अंडी,
कुठल्याच ओळीत नसलेली,
एकमेकांवर हलकेच आपटणारी.
रविवार कारंजापर्यंत
मी फार जपून चाललो.